गाळलं तरी खारटच : सातवीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून मूलद्रव्ये, संयुगे आणि मिश्रणे हा धडा. फळ्यावर काही लिहिलं नाही. मुलांना पोषण आहाराच्या खोलीत नेलं आणि दोन स्टीलचे पेले पुढे ठेवले. दोन्हींत नितळ पाणी, एकात तीन चमचे मीठ विरघळवलेलं. "यातलं चांगलं पाणी कुठलं?" सगळे म्हणाले, दोन्ही. मग चव घ्यायला लावली. (पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं: चव फक्त स्वयंपाकाच्या भांड्यातली घ्यायची. विज्ञान पेटीतल्या भांड्यातलं काहीही, साधं पाणीसुद्धा, तोंडात घालायचं नाही.)

"मीठ बाहेर काढायचं कसं?" एका सुरात उत्तर आलं, "गाळून!"

दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. रुमाल चौपदरी करून पाणी गाळलं. खारट. आठपदरी केला. खारट. मग गाळणकागद मागितला. नवा कागद दिला, स्वयंपाकघरातलं छोटं नरसाळं दिलं. थेंब थेंब पाणी उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही. तरी खारटच. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, मीठ दिसंना, मग गेलं कुठं? अन् गेलं तर लागायलंय काहून?"

हा प्रश्न आहे तसा वहीत उतरवून घेतला. उत्तर दिलं नाही. पुढचे सगळे प्रयोग याच प्रश्नाच्या बाजूनं लावायचे, असं घरी येताना ठरवलं.

७ जानेवारी

काल मुलांनी एका सुरात "गाळून" का म्हटलं, ते आज कळलं. घरोघरी आजीनं सांगितलेलं आहे, पाणी गाळून घ्यावं. त्या सांगण्यामागे नारू आहे, पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग. विहिरीच्या, बारवेच्या पाण्यात मिलीमीटर-दोन मिलीमीटरचे जलकीटक असत आणि त्यांच्या पोटात नारूची अळी. कापडातून पाणी गाळलं की कीटक वर अडकायचा. देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. एवढा मोठा रोग हटवण्यात साध्या कापडाचा मोठा वाटा होता.

म्हणजे आजीचं बरोबरच होतं. गाळणं हे मापाचं काम आहे. भोकापेक्षा मोठं ते वर राहतं, लहान ते खाली जातं. मुलांना एवढंच सांगितलं आणि मिठाचं माप काय असेल, याचा अंदाज वहीत लिहून ठेवायला लावला. बहुतेकांनी "मुंगीच्या डोळ्याएवढं" लिहिलं.

९ जानेवारी, गुरुवार

आजच्या तासाला मी बाजूला बसले. शिकवलं ते खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी.

दोन किलो तांदळात आम्ही मुद्दाम मूठभर बारीक खडे मिसळले होते. ताईंनी तांदूळ पातेल्यात घेऊन वर पाणी ओतलं. उजव्या हातानं पाणी गोल फिरवलं आणि ते फिरत असतानाच पातेलं डावीकडे कलतं केलं. काठावरून पाण्याबरोबर तांदूळ दुसऱ्या भांड्यात घसरत गेला. पुन्हा पाणी, पुन्हा तोच झोका. सातआठ वेळा. मनगट एवढं सैल की पातेलं आपणहून डुलतंय असं वाटावं. शेवटी तळाशी चिमूटभर तांदूळ आणि सगळे काळे खडे. पाखडणं, चाळणं, निवडणं मुलांना ठाऊक होतं. रोळणं घरी रोज होतं, पण कुणी नीट पाहिलं नव्हतं.

हे पाण्यातच का साधतं? तांदळाचा दाणा तेवढ्याच पाण्याच्या साधारण दीडपट जड. आमच्या काळ्या दगडाचा खडा पावणेतीन ते तीनपट. म्हणजे हवेत खडा त्याच मापाच्या तांदळाच्या जेमतेम दुप्पट जड. पाण्यात बुडाल्यावर मात्र दोघांच्याही वजनातून तेवढ्या पाण्याचं वजन वजा होतं. तांदळाचा उरतो अर्धा, खड्याचे उरतात पावणेदोन ते दोन. दुपटीचा फरक जवळपास चौपट झाला! ही वजाबाकी मुलांनी फळ्यावर केली तेव्हा ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आम्हाला हाताला कळतं, ह्यो हिशोब म्हाईत नव्हता." पुस्तकात ही रीत आली नाही तरी माझ्या वर्गात ती दरवर्षी येणार.

१३ जानेवारी

आज भोगी, उद्या सुट्टी. पोरांना घरचं काम दिलं: आई तीळ धुईल तेव्हा वर काय तरंगतं, तळाशी काय बसतं ते बघून या.

१६ जानेवारी, गुरुवार

पोकळ तीळ वर, माती-खडे खाली. चौदा जणांनी बघितलं, बाकीच्यांच्या घरी आयते लाडू आले होते.

आज चुंबक. लोहकीस मागवला होता तो आला नाही. मग बांधकामावर पडलेली पूर्णा नदीची वाळू ओंजळभर आणली आणि चुंबक तसाच त्यात फिरवून बघितला. काळी मिशी फुटल्यासारखे कण चिकटले. मुलांना वाटलं, कुणीतरी लोखंड मिसळलं असणार. नाही, ते आपल्याच दगडातलं आहे. काळ्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं. दगड झिजून वाळू झाली की त्याचे कण वाळूत सुटे होतात.

ध्यानात ठेवायचं: चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. काम झालं की चुंबक पिशवीतून बाहेर काढायचा, कण आपोआप गळतात. आज उघडा वापरला आणि दोन मुलं अर्धा तास तो पुसत बसली.

२० जानेवारी, सोमवार

शेतातली काळी माती दोन बाटल्यांत, लिटरभर पाण्यात कालवली. शाळा उघडताच ठेवली. एकीत काही नाही, दुसरीत तुरटीचा खडा दहा वेळा फिरवला. मधल्या सुट्टीपर्यंत तुरटीच्या बाटलीत वरचं पाणी नितळलं आणि खाली कापसासारखा गाळ बसला. दुसरी शाळा सुटेपर्यंत तशीच गढूळ.

२१ जानेवारी

दुसरी बाटली आजही गढूळच. काळ्या मातीचे कण इतके बारीक की रात्रभरातही बसत नाहीत. त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि लोंबकळत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या धन भारानं ही ओढाताण मिटते. कण एकमेकांना धरतात, पुंजके होतात, जड होऊन बसतात.

न विरघळता असे लोंबकळणारे कण असलेल्या मिश्रणासाठी पुस्तकातला निलंबन हा शब्द इथं दिला. आधी गोष्ट बघितली आणि मग शब्द मिळाला की तो मुलांच्या तोंडात बसतो. उलटं केलं तर पाठ होतो आणि परीक्षेनंतर जातो.

आणखी एक बजावलं. तुरटीनं पाणी नितळलं म्हणजे ते पिण्यालायक झालं असं नाही. जंतूंसाठी उकळणं किंवा क्लोरीन हवंच.

दोन्ही बाटल्यांतलं पाणी लिंबाच्या झाडाला घातलं. या वर्गात पाणी ओतून द्यायचं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ही मुलं चारपाच वर्षांची होती. त्यांना आठवत नाही. मला आठवतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

मीठ आणि वाळू. हा प्रयोग मी गेली कित्येक वर्षं घेते आणि दरवेळी वहीत एकच ओळ येते: "मीठ परत मिळाले." यंदा वजन करायचं ठरवलं. सोनारकामाचा छोटा काटा मागून आणला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा.

प्रत्येक गटाला १० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम वाळू, ५० मिलीलीटर पाणी. ढवळा, गाळा, खाली आलेलं पाणी बाष्पनपात्रात घेऊन आटवा.

पहिला गट ८.१२ ग्रॅम. दुसरा ७.९०. तिसरा ९.०५. चौथा १०.६४!

चौथ्या गटानं टाळ्या वाजवल्या, बाकीचे गप्प. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, दहा दिले होते. वरचं कुठून आलं?" वर्गात मोठा वाद झाला. काहींचं म्हणणं वाळू उतरली, काहींचं काटा बिघडला. मी दहा ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवून दाखवलं, काटा ठीक होता.

तास संपला. चारही भांडी झाकून कपाटात ठेवली.

२७ जानेवारी, सोमवार

उलगडा झाला. चौथ्या गटानं मीठ कोरडं दिसताच वजन केलं होतं, पोटात ओल होती. आज ते भांडं तव्यावरच्या वाळूत ठेवून मंद आचेवर तापवलं. दर दहा मिनिटांनी खाली घेऊन निववायचं आणि वजन करायचं. १०.११. मग ९.५८. मग ९.५२. मग पुन्हा ९.५२. वजन हलायचं थांबलं की कोरडं झालं समजायचं. डोळ्याला दिसतं त्यावर जायचं नाही. हे मुलांना कुणी सांगावं लागलं नाही, चौथ्या आकड्यानंतर त्यांनीच सांगितलं.

पहिल्या तीन गटांचं मीठ कमी का? चूक माझी होती. पाणी संपत आल्यावर दिवा बारीक करायला मी सांगितलं नाही. शेवटच्या घोटातलं मीठ तडतडून बाहेर उडालं, टेबलावर पांढरे शिंतोडे होतेच. शिवाय गाळणकागदात आणि वाळूत खारं पाणी राहून गेलं, ते चमचाभर पाण्यानं धुऊन खाली घ्यायला हवं होतं. दुसऱ्या गटानं आज पुन्हा केलं. वाळू दोनदा धुतली, ज्योत बारीक ठेवली. ९.७१.

दुसऱ्या बाकावरची मुलगी याच गटात. तिनं वहीत लिहिलं, "मीठ पाण्यात गेलं तरी वजनात राहिलं." याहून नेमकं मलाही लिहिता आलं नसतं. मिठाचं मापही आज सांगून टाकलं. गाळणकागदाची भोकं साधारण मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढी. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे कण त्याहून दहा हजार पटींनी लहान. मुंगीचा डोळा सगळ्यांनी खोडला.

३० जानेवारी, गुरुवार

आज मला माझं वाक्य दुरुस्त करावं लागलं.

शाळेच्या बोअरचं २०० मिलीलीटर पाणी एका स्टीलच्या वाटीत, जारचं तेवढंच दुसऱ्या वाटीत, तव्यावरच्या वाळूत आटवलं. जारच्या वाटीत पुसटशी रेघ, बोअरच्या वाटीत पांढरी पापडी. टीडीएस मीटरवर (लिटरमागे किती मिलीग्रॅम घटक विरघळलेत ते दाखवणारं यंत्र) बोअर ११४०, जार ५८. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक चालतात, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. आमच्याकडे तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्याचं कारण वाटीत दिसत होतं.

मी म्हटलं, "बघा, विरघळलेलं गाळून जात नाही." त्यावर जारची गाडी चालवणाऱ्याचा मुलगा उठला. "जातंय की मॅडम. आमच्या आरओत पाणी गाळतेतच. मोटर दाब देती, अन् क्षाराचं पाणी नळीनं बाहेर पडतंय."

बरोबर आहे त्याचं. आरओच्या पडद्यातून पाणी सुटतं आणि क्षार मागं राहतात, पण त्यासाठी पंपाचा दाब लागतो आणि बरंचसं पाणी क्षारासकट वाया जातं. तेव्हा वाक्य असं झालं: रुमालानं, कागदानं जात नाही. मुलानं मास्तरांना दुरुस्त करावं आणि वर्गानं ते ऐकावं, यासारखा तास वर्षातून एकदाच येतो. मीठ मोजण्याच्या आनंदाहून आजचा आनंद मोठा.

पापडीवर लिंबू पिळलं, फसफसलं. इथं सावध राहायला हवं. ही पापडी पाण्यात जशीच्या तशी नव्हती. पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. मीठ होतं तसं परत मिळालं, इथं मात्र पदार्थच बदलला. कूकरच्या तळाला धरतो तो थर हाच.

लोणार आमच्याकडून तासाभराच्या वाटेवर, जिल्हा बुलढाणा. तिथल्या सरोवराला बाहेर जायला वाट नाही. पाणी उडून जातं, क्षार साठत जातात. पूर्वी तिथून क्षार काढून विकत, त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती. आमची वाटी म्हणजे छोटं लोणार, असं मुलांनीच म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची शाळा, तिथूनच गुऱ्हाळावर. काहिलीत रस उकळत होता. गुळव्यानं भेंडीच्या खोडाचा चिकट रस ओतला आणि थोड्या वेळात हिरवट-काळी मळी फेसासारखी वर आली. झाऱ्यानं ती काढत राहिले. एका मुलानं हळूच सांगितलं, "तुरटीसारखंच, पण उलटं. तिथं खाली बसलं, इथं वर आलं." मी त्याच्या पाठीवर थाप दिली. चिकट रसात बारीक घाण गुंतते आणि उकळीच्या जोरानं वर येते.

मग आटवणं. पाणी कमी होईल तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढत जातो, गूळ काहिलीतून उतरवतात तेव्हा साधारण ११८ अंश सेल्सिअस. आमचा तापमापक ११० वर संपतो, म्हणून तो घातलाच नाही. गुळव्यानं पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळली, कानाजवळ नेऊन भांड्यावर टाकली. टण्ण आवाज आला. "उतरवा!" शंभर किलो उसाचा गूळ साधारण दहा किलो. बाकीचं चिपाड, मळी आणि वाफ.

मुलांच्या हातात गरम गुळाचा गोळा आला, त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लोहकीस अखेर आला. लोह ७ भाग, गंधक ४ भाग. परीक्षानळीत फक्त दोन ग्रॅम घेतलं आणि पटांगणात, वारा पाठीवर घेऊन उभं राहून, मीच केलं. तापवण्याआधी चुंबकानं लोह वेगळं निघत होतं. तापवल्यावर तळ लाल झाला, दिवा काढून घेतला तरी लाली आपोआप वर सरकत गेली. निवल्यावर काळा खडा. चुंबक लावला, ओढला गेला नाही. नळी तडकली, या प्रयोगात ती जातेच.

मिश्रण आणि संयुग यातला फरक याहून सोपा करून सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काळ्या स्केचपेनचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर. खालची रेघ पेन्सिलनं मारायची, शाईची मारली तर तीही पाण्याबरोबर चढते. ठिपका पाण्याच्या वर राहायला हवा. काळ्यातून निळा, जांभळा, तळाशी पिवळा. सगळे ओरडले. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी पानांतली रंगद्रव्यं अशाच तत्त्वावर वेगळी केली आणि १९०६ साली या रीतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. पालक कुटून स्पिरिटमध्ये आम्हीही बघितलं, हिरव्याच्या वर पिवळी पट्टी आली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आता दुसऱ्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाकडे. काळं प्लॅस्टिकचं घमेलं घासून स्वच्छ केलं. स्वयंपाकघरातलं लिटरभर पाणी, त्यात मोजून २० ग्रॅम मीठ. मध्ये रिकामी स्टीलची वाटी. वरून पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद दोरीनं ताणून बांधला आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवला. अकरा वाजता गच्चीवर. साडेअकरालाच कागदाच्या आतल्या बाजूला घाम धरला. थेंब उतारानं खड्याखाली सरकत येत आणि वाटीत पडत. तीन वाजता कागद सोडला: वाटीत ७० मिलीलीटर. टीडीएस मीटरवर १४.

पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. तिनं घोट घेतला, तोंडात धरला, मग गिळला. "नाही लागत." एवढंच म्हणाली आणि घमेल्यात वाकून बघायला लागली.

घमेलं तसंच उघडं गच्चीवर ठेवलं, चिमण्यांसाठी वर फक्त जाळी टाकली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. गावकरी आले. सर्वांत जास्त गर्दी रोळण्यापाशी. खिचडीवाल्या ताई स्वतः उभ्या राहून वजाबाकी समजावत होत्या.

३ मार्च, सोमवार

घमेलं कोरडं झालं. मीठ चमच्यानं खरवडून, वाळूत तापवून, दोनदा वजन केलं. १८.९३, दोन्ही वेळा. तिनं २० मधून वजा करून १.०७ लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल काढला. मग कुणाला काही न विचारता त्या दिवशीचा प्लॅस्टिकचा कागद कपाटातून काढून खिडकीत उन्हाला धरला. काठ जिथं पाण्याला टेकला होता, तिथं पांढरे ठिपके होते. ती नखानं ते ठिपके वाटीत पाडत बसली. घमेल्याचे कंगोरे अजून धुवायचे आहेत.